पंधरा दिवसांनंतर हाती आलेला उतारा

20 डिसेंबर 2022 ला तहसीलच्या आवारात आमच्या ग्रामपंचायतीच्या प्रभागाचा निकाल पुकारला आणि मी 3 मतांनी पडले. घरी आले तर सासूबाई मतदार यादी घेऊन बसल्या होत्या. मतदान केंद्रावर बसलेल्या आमच्या एजंटने मतदान करून गेलेल्यांच्या नावापुढे पेन्सिलने टिक केली होती. त्यातल्या एका नावावर बोट ठेवून त्या म्हणाल्या, "ही तर श्रावणात गेली. हिचं मत दिलं कुणी?" एजंट पोरगं नवखं, बाहेरच्या वस्तीवरचं. केंद्रात आक्षेप घ्यायचं त्याच्या लक्षातच आलं नव्हतं.

रात्रभर यादी चाळली. दोन मयत आणि तीन दुबार, म्हणजे दोन ठिकाणी नाव असलेले, असे पाच जण निघाले. फरक 3 मतांचा आणि नावं 5.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम 15 खाली निकालापासून 15 दिवसांत दिवाणी न्यायाधीशांकडे (कनिष्ठ स्तर) अर्ज करावा लागतो. म्हणजे 4 जानेवारी. मृत्यूचे दाखले, दुसऱ्या गावच्या याद्या गोळा करायला तेवढे दिवस कुठे पुरतात? माहितीच्या अधिकारात उत्तर द्यायला कार्यालयाला 30 दिवस आणि कोर्टात जायला आम्हाला 15. हे गणित ज्याने मांडलं त्याने गावातल्या बाईचा विचार केला नाही, असं मी आजही म्हणेन. 2 जानेवारीला अर्ज दाखल केला. दोन मयतांची नावं लिहिली, दुबारांबद्दल मात्र "तीन मतदारांची नावे दोन ठिकाणी आहेत" एवढंच.

मार्चमध्ये कानावर आलं की निवडून आलेल्या बाईंना तिसरं अपत्य आहे, जन्म माहेरच्या गावी. 12 सप्टेंबर 2001 नंतर तिसरं मूल झालं तर पंचायतीला उभं राहता येत नाही, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. अर्ज टाकून जन्मनोंदीचा उतारा मिळवला. नोंद 2009 ची. तो कागद हातात घेऊन मी एस.टी.त रडले.

वकीलसाहेबांनी दुरुस्ती अर्ज दिला. त्यात दोन मागण्या: तीन दुबार मतदारांची नावं नि यादीतले अनुक्रमांक घालू द्या, आणि तिसऱ्या अपत्यामुळे त्यांचा उमेदवारी अर्जच चुकीने मंजूर झाला, हा मुद्दा घालू द्या. समोरच्या वकिलांनी म्हणणं दिलं: मुदत संपली, आता एक अक्षर बदलता येणार नाही.

युक्तिवादाच्या दिवशी त्यांनी जॉर्ज फर्नांडिसांचा खटला काढला. 1967 ला दक्षिण मुंबईत फर्नांडिसांनी स. का. पाटलांना पाडलं, त्यावर एका मतदाराने याचिका केली आणि 'मराठा' दैनिकातल्या मजकुरावरून भ्रष्ट आचाराचे आरोप केले. मुदत सरल्यावर दुरुस्ती मागितली गेली. सर्वोच्च न्यायालयाच्या 1969 च्या निकालात सरन्यायाधीश हिदायतुल्लांनी मुख्य घटना आणि तिचा तपशील यांतला फरक उलगडून सांगितला. मुख्य घटना अर्जात नसेल तर ती मुदतीनंतर आत येत नाही. असलेल्या घटनेचा तपशील भरता येतो. आमच्या वकिलांनी त्याच निकालाचं दुसरं टोक धरलं: दुबार मतदान अर्जात आहेच, नावं हा त्याचा तपशील.

कोर्टाने नेमकं तिथेच बोट ठेवलं. दुबारांची नावं मंजूर, तिसरं अपत्य नामंजूर. माझ्या डोळ्यांपुढे अंधारी आली. सगळ्यात पक्का पुरावा तोच होता.

आदेशानंतर 14 दिवसांत मूळ अर्जात दुरुस्ती करावी लागते. वकीलसाहेबांनी टाइप केलेल्या ओळींच्या मध्ये लाल शाईने तीन नावं लिहिली, अगदी बारीक अक्षरात, कारण जागाच तेवढी होती. समासात सही केली. ती लाल ओळ मी बराच वेळ बघत होते.

मग ते म्हणाले, "ताई, हा दरवाजा बंद झाला, कलम 16 चा उघडा आहे." निवडणुकीच्या वेळीच कुणी सदस्य अपात्र असेल तर तो प्रश्न जिल्हाधिकाऱ्यांपुढे नेता येतो आणि तिथे ही 15 दिवसांची अट नाही. हे मला डिसेंबरातच कुणी सांगितलं असतं तर! गावोगाव लोक दोन्ही गोष्टी एकाच अर्जात कोंबतात, नाहीतर मुदत गेली म्हणून दोन्ही सोडून देतात. मतांची तक्रार कोर्टात, अपात्रता जिल्हाधिकाऱ्यांकडे, हे कृपा करून लक्षात ठेवा.

तोच उतारा जोडून तिकडे अर्ज केला. शक्यतो 60 दिवसांत निकाल द्यावा असं कायदा म्हणतो, आम्हाला सात महिने लागले. सदस्यत्व रद्द झालं, पण त्यावर विभागीय आयुक्तांकडे अपील गेलं आहे. कोर्टातला अर्ज पुराव्याच्या टप्प्यावर आहे. पुढच्या तारखेला त्या लाल ओळीतल्या पहिल्या नावाची साक्ष आहे.