जुनी दिल्ली एका दिवसात: क्लोकरूमने खाल्लेली सकाळ

जुनी दिल्ली पाहावी ती सकाळी, गल्ल्यांत माल उतरायच्या आधी. माझी ती सकाळ एका स्थानकाच्या क्लोकरूमपुढे गेली. राग अजून उतरलेला नाही, म्हणून आधी तेच सांगते.

मी आणि ताई पहाटे उतरलो, परतीची गाडी रात्रीची. प्रवासाचं तिकीट, ओळखपत्र आणि कुलूप लावलेल्या बॅगा असं सगळं तयार होतं. खिडकी मात्र बंद. बाबू चहाला गेलेत, एवढंच हमालाकडून कळलं. ते आले तेव्हा रांग जिन्यापर्यंत पोचली होती. आमचा नंबर लागल्यावर त्यांनी बॅगेकडे पाहून विचारलं, "स्टिकर कहाँ है?" म्हणजे आधी एक्स-रे मशीनमधून बॅग काढून तिच्यावर स्टिकर लावून आणायचा. मशीन स्थानकाच्या दुसऱ्या टोकाला. दरांची पाटी खिडकीवर ठळक लावलेली, स्टिकरबद्दल अवाक्षर नाही. तिकडे धावलो, तर स्टिकरचा रोल संपलेला. नवा येईपर्यंत ताई बॅगांवर बसून राहिली. परत आल्यावर बाबूंनी पुन्हा रांगेच्या शेवटी पाठवलं. मग मी रांगेतल्या प्रत्येकालाच विचारत सुटले, स्टिकर आणलाय का? बहुतेकांनी आणला नव्हता. नातवंडांना घेऊन आलेल्या एक आजी हे ऐकून रडवेल्या झाल्या. त्यांच्या बॅगा ताई घेऊन गेली. खिडकीवर एक कागद चिकटवला असता तर एवढ्या माणसांचे हाल वाचले असते. याचा संताप येतो.

तरी सामान ठेवाच. किनारी बाजारात दोन माणसं समोरासमोर आली तरी एकाला अंग चोरावं लागतं, तिथे चाकांची बॅग काय चालणार? चांदणी चौकाच्या मुख्य रस्त्यावर सकाळी 9 ते रात्री 9 मोटारींना बंदी आहे, त्यामुळे टॅक्सीवाला अलीकडेच उतरवतो. मेट्रोच बरी: लाल किल्ला, जामा मशीद, चावडी बाजार, चांदणी चौक, सगळीकडे स्थानकं आहेत.

दरीबा कलाँतून किनारी बाजारात शिरलो आणि तिथून नौघऱ्यात. रंगवलेल्या दारांची जुनी जैन घरं, टोकाला मंदिर, आणि बाहेरचा गलका एकदम तुटतो. ताईला तिथून हलवत नव्हतं. खारी बावलीत, म्हणजे मसाल्यांच्या बाजारात, मिरचीच्या खाटेने दोघींना ठसका लागला. नाकाला ओढणी बांधूनच जा.

जामा मशिदीत पोचलो ती नेमकी दुपारच्या नमाजाची वेळ. तेव्हा पर्यटकांना आत सोडत नाहीत. पायऱ्यांवर थांबलो. 1656 साली पुरं झालेलं ते अंगण नंतर पाहिलं आणि सकाळपासूनचा शीण गेला.

हो, रविवारी बरीच दुकानं बंद असतात.

लाल किल्ला पाहायचा राहिला, याची हळहळ आहे. दिवाण-ए-खासचं चांदीचं छत 1760 साली भाऊसाहेबांनी काढून फौजेच्या खर्चासाठी वितळवलं. पानिपतच्या आधीची ती ओढाताण जिथे झाली, तिथे मला उभं राहायचं होतं. पुढच्या वेळी दिल्लीत मुक्कामच करणार आणि किल्ला उघडताच आत जाणार. सोमवार सोडून, कारण सोमवारी तो बंद असतो.