तुम्ही विचारलंत म्हणून: तप्त वायूचा बुडबुडा नवे तारे घडवतो का?

अवरक्त छायाचित्रात तप्त वायूचा बुडबुडा आणि त्याच्या कडेला कोवळे तारे दिसले की हमखास विचारलं जातं, हे तारे या बुडबुड्यामुळेच जन्मले का? शक्य आहे. पण नुसतं छायाचित्र हा पुरावा नव्हे, हे मी ठामपणे सांगतो.

बुडबुडा फुगवतो तो आतला ओ वर्गाचा, म्हणजे अतिशय तप्त आणि जड तारा. त्याचा ९१.२ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा अतिनील प्रकाश हायड्रोजनचं आयनीभवन करतो, म्हणजे अणूतला इलेक्ट्रॉन सुटा करतो. १०-२० केल्विनचा वायू आठ-दहा हजार केल्विनला पोहोचतो, दाब हजार पटींहून अधिक वाढतो. या तप्त वायूत ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १० किलोमीटर, तर बाहेरच्या थंड ढगात जेमतेम ०.२. त्यामुळे फुगणाऱ्या वायूच्या पुढे आघात तरंग धावतो आणि मधल्या पट्टीत वायू साचून कवच बनतं. ते पुरेसं जड झालं की स्वतःच्याच गुरुत्वाने तुटतं आणि त्याचे गोळे कोसळू लागतात. एल्मेग्रीन आणि लाडा या खगोलशास्त्रज्ञांनी १९७७ मध्ये मांडलेली कल्पना ती हीच. दुसऱ्या वाटेत गोळा आधीपासूनच असतो. प्रकाशाने त्याचा पृष्ठभाग उडून जातो आणि त्या उलट्या रेट्याने गाभा दाबला जातो. प्रकाश फार तीव्र असेल तर मात्र कोसळण्याआधीच गोळा विरून जातो.

स्पिट्झर या अवरक्त अवकाश दुर्बिणीने टिपलेल्या ३२२ बुडबुड्यांच्या २०१२ मधल्या अभ्यासात, १४ ते ३० टक्के जड तारे असे जन्मले असावेत, असा अंदाज निघाला. कडेला कोवळे तारे जास्त आढळले, हा त्याचा आधार. पण अंगणाच्या कडेचा पाचोळा खराट्याने लोटलेला की आधीच तिथे पडलेला, हे ढीग पाहून कळत नाही.

म्हणून वयं जुळवावी लागतात. रेडिओ दुर्बिणीने (आपल्या खोडदच्या जीएमआरटीनेही) आयनीभूत वायू मोजायचा. त्यावरून ताऱ्याचे अतिनील फोटॉन (प्रकाशकण) आणि बुडबुड्याची त्रिज्या मिळते. मूळ ढगाची घनता धरली की वय निघतं. दर घनसेंटीमीटरला १००० कण आणि सेकंदाला १०^४९ फोटॉन धरले, तर दहा लाख वर्षांत त्रिज्या सुमारे १५ प्रकाशवर्षं होते. गफलत होते ती घनतेत. त्याच त्रिज्येसाठी घनता दहापट धरली तर वय तिपटीहून वाढतं. शिवाय कमी वारंवारतेला दाट वायू स्वतःचंच प्रारण शोषतो आणि फोटॉन कमी मोजले जातात. पुढेमागे असलेले तारे कडेवरचे वाटतात, ही वेगळीच अडचण.

वृश्चिकेतल्या आरसीडब्ल्यू १२० या बुडबुड्यात हर्शेल अवकाश दुर्बिणीला २०१० मध्ये कडेवर सूर्याच्या आठ-दहापट वस्तुमानाचा भ्रूणतारा (अजून घडत असलेला तारा) सापडला. २०२१ मध्ये कार्बनच्या १५८ मायक्रॉन रेषेवरून कवच सेकंदाला १५ किलोमीटरने फुगताना दिसलं, म्हणजे वय दीड लाख वर्षांहून कमी. इतक्या तरुण बुडबुड्याच्या कडेला दहा लाख वर्षांचा तारा आढळला, तर त्याच्या जन्माचं श्रेय या बुडबुड्याला देता येणार नाही.