आतले आठ नट: ट्रकला व्हील स्पेसर बसवले तेव्हाचा माझा अनुभव

स्टिअरिंग पूर्ण कापलं की डावीकडून खर्रर्र असा आवाज यायचा. ३७ इंची टायर घातल्यापासूनची ही रडकथा. टायरची आतली कड पुढच्या रेडियस आर्मला, म्हणजे ॲक्सलला गाडीच्या सांगाड्याशी जोडणाऱ्या दांड्याला, घासायची, आणि आर्मवरचा रंग जाऊन तिथे बोटभर रुंदीचा चकचकीत पट्टा उमटला होता. डांबरी रस्त्यावर एवढं कोण कापतंय, असं म्हणत मी सहा महिने काढले. खडकांतून वाट काढताना मात्र कापावंच लागतं. एकदा उतरून पाहिलं तर आर्मवर रबराचा भुगा चिकटलेला, तेव्हा ठरवलं की आता बास.

ट्रक फोर्डचा एफ-३५०, आठ स्टडचा, म्हणजे प्रत्येक चाक हबमधून (चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागातून) बाहेर आलेल्या आठ बोल्टांवर नटांनी बसतं. मूळ रिमचा ऑफसेट, म्हणजे रिमच्या मध्यरेषेपासून तिची हबला टेकणारी बाजू किती बाहेर आहे ते अंतर, अधिक ४० मिलिमीटर. हब आणि रिम यांच्या मध्ये ३८ मिलिमीटर जाडीचा स्पेसर, म्हणजे धातूची जाड चकती, टाकला की तो अधिक २ वर येतो, म्हणजे प्रत्येक चाक ३८ मिलिमीटर बाहेर सरकतं आणि दोन चाकांमधलं अंतर ७६ ने वाढतं. दुसरा मार्ग होता कमी ऑफसेटच्या नव्या रिम घेण्याचा, आणि खरं तर तोच जास्त सरळ. बेअरिंगवरचा ताण दोन्हीकडे सारखाच वाढतो, कारण चाक कशामुळे बाहेर गेलं याच्याशी बेअरिंगला देणंघेणं नसतं. पण नव्या रिमने नटांचा आणखी एक जोड वाढत नाही, स्पेसरने वाढतो. तरी मी स्पेसर घेतले, कारण मला माझ्या रिम आवडतात. याला उगाच तांत्रिक मुलामा देत नाही.

नियमांचं आधी पाहून घ्या. जर्मनीसारख्या देशात तपासणी करून कागदोपत्री नोंद करावी लागते, काही ठिकाणी तर सरळ बंदीच आहे.

स्पेसर दोन जातीचे. एक नुसती चकती, जी जुन्या स्टडवर सरकवायची आणि वरून चाक लावायचं. तिच्यात स्टडची लांबी खर्ची पडते, नटाला आटे कमी मिळतात. पाच-सहा मिलिमीटरच्या पलीकडे जड गाडीला मी ती लावणार नाही. दुसऱ्या जातीत स्पेसर हबच्या स्टडवर स्वतःच्या नटांनी आवळला जातो आणि चाक बसतं स्पेसरमधून बाहेर आलेल्या नव्या स्टडवर. मी हे घेतले, सबंध ॲल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कातलेले, मधलं भोक हबला नेमकं बसणारं. ओतीव माल स्वस्त मिळतो, पण तीन-साडेतीन टनांच्या गाडीखाली तो घालून मला झोप लागली नसती.

पहिला सेट आला तो चुकीचा. स्टड ज्या वर्तुळावर असतात त्याच्या व्यासाची आठ स्टडच्या गाड्यांत तीन मापं सर्रास दिसतात: १६५.१, १७० आणि १८० मिलिमीटर. मागे एकेरी चाकं असलेल्या ट्रकचं सांगायचं तर १९९९ पासूनच्या फोर्ड सुपर ड्यूटीला (माझा एफ-३५० त्यातलाच) १७० लागतं. रॅमच्या जड ट्रकना १६५.१, जनरल मोटर्सच्या जड ट्रकना २०११ पासून १८०. खोक्यावर १७० छापलेलं आणि आत १६५.१. डोळ्याला दोन्ही जुळी भावंडं! प्रत्येक स्टड जेमतेम अडीच मिलिमीटर इकडे-तिकडे. व्हर्नियरने एका स्टडच्या बाहेरच्या कडेपासून समोरच्या स्टडच्या आतल्या कडेपर्यंत मोजलं की मध्य-ते-मध्य माप हातात येतं. स्टड सम संख्येत असले की ही युक्ती चालते. पाच स्टडला समोरासमोर कुणीच नसतं. सेट परत केला, पंधरा दिवस गेले.

बसवायच्या दिवशी काकांना बोलावलं. काका शेजारचे, उभं आयुष्य जड गाड्यांची चाकं खोलण्यात गेलेलं. आल्या आल्या त्यांनी नव्या स्पेसरकडे बघितलंच नाही. खिशातून फडकं काढून हबवर फिरवलं आणि काळी झालेली बाजू मला दाखवली.

"हे काय आहे?"

"गंज आहे काका. ब्रशने निघेल."

"मग निघेपर्यंत मला हाक मारू नकोस."

चाक जमिनीवर असतानाच नट अर्धा फेरा सैल केले होते, मागच्या चाकांना ठोकळे लावले होते, ॲक्सलखाली स्टँड होते. टायर-रिम मिळून पन्नास किलोच्या वर जातात, तेव्हा उचलायच्या भानगडीत पडलो नाही; खाली पहार घालून तोलत काढलं. वेळ गेला तो हब घासण्यात. सपाट भागापेक्षा मधल्या उंचवट्याच्या बुडाशी, जिथे दोन पृष्ठभाग काटकोनात भेटतात, तिथे गंजाची कड धरलेली असते. वरवर ब्रश मारून ती जात नाही. मी जुना पेचकस धार लावून खरवडायला वापरला. ही कड राहिली की स्पेसर तिच्यावर टेकतो, हबवर नाही.

मग स्टडची उंची. माझे स्टड ४१ मिलिमीटर भरले आणि स्पेसर ३८ चा, म्हणजे जुन्या स्टडची टोकं तीन मिलिमीटर बाहेर डोकावणार. रिमच्या पाठीला भोकांच्या मध्ये खोलगट कप्पे असतील तर ही टोकं त्यात मावतात. माझ्या अलॉय रिमला कप्पे होते. साध्या लोखंडी रिमची पाठ सपाट असती तर काम तिथेच थांबलं असतं. तरी खात्री हवी म्हणून भाच्याची खेळायची माती आणली. दोन कप्प्यांत गोळे भरले, चाक लावून चार नट हातानेच आवळले आणि परत काढलं. मातीत स्टडचा गोल ठसा उमटला होता आणि त्याच्या तळाशी जाड थर शिल्लक होता. अख्ख्या कामात मला सगळ्यात आवडलेली गोष्ट हीच. भाच्याला माती परत दिली, पण निळ्यात काळं मिसळलं म्हणून तो रुसला तो रुसलाच.

रुसलेल्या अवस्थेतच त्याला ब्रेक दाबून बसवला, कारण चाक नसताना नट आवळायला गेलं की हब गरकन फिरतो. आतले नट स्पेसरसोबत आलेले, निमुळत्या बुडाचे. बाहेरचे माझे मूळचे, सपाट फिरत्या वॉशरचे. ही अदलाबदल करू नये. निमुळत्या खाचेत सपाट नट कडेवरच टेकतो आणि काही दिवसांत सैल पडतो.

मी सवयीने तेलाच्या डबीकडे हात नेला तेव्हा काका ओरडले, "आट्यांना तेल लावलंस की पाना खोटं बोलतो." बरोबर आहे. नट किती जोराने आवळायचा तो आकडा कोरड्या आट्यांसाठी दिलेला असतो, आणि तेवढा जोर झाला की टॉर्क पाना खट् वाजतो. तेलाने घर्षण कमी होतं आणि त्याच आकड्याला स्टड जास्त ताणला जातो. मधल्या गोल कडेवर मात्र ग्रीसचा अगदी पातळ हात फिरवला, नाहीतर लोखंड आणि ॲल्युमिनियम एकमेकांना असे धरतात की पुढे घणच लागतो. आतले नट स्पेसरच्या कागदावरच्या आकड्याला, बाहेरचे ट्रकच्या २२४ न्यूटन-मीटरला. समोरासमोरचे नट आलटून पालटून, आधी निम्मा जोर आणि मग पूर्ण.

तीन चाकं झाली. पुढच्या डाव्या चाकापर्यंत अंधार पडायला लागला, काका घरी गेले, आणि तिथेच माशी शिंकली.

दुसऱ्या दिवशी ताशी साठपर्यंत गाडी लोण्यासारखी चालली. सत्तरला स्टिअरिंगमध्ये बारीक थरथर सुरू झाली. बॅलन्सिंगची शिसं पडली असतील अशी मी स्वतःची समजूत घालत होतो, कारण चाक पुन्हा उतरवायचा कंटाळा आला होता. तसाच नव्वद किलोमीटर हिंडलो. तसंही शंभराच्या आत सगळे नट पुन्हा तपासायचेच होते, आणि स्पेसरची गंमत अशी की आतले आठ नट बघायला चाक उतरवावंच लागतं. बाहेरून पाना लावून "घट्ट आहे" म्हणण्याला काही अर्थ नाही.

बाहेरचे नट जागचे हलले नाहीत. चाक उतरवून आतल्यांना पाना लावला, तर शेजारशेजारचे दोन नट खट् आवाज यायच्या आधी पाव फेरा फिरले. पोटात खड्डाच पडला. इतर नट सैल न करता स्पेसर आणि ब्रेकच्या डिस्कच्या फटीत फीलर गेजचं, म्हणजे फट मोजायचं ठरावीक जाडीचं, पातं घालून पाहिलं. बाकी कुठे काही शिरेना, त्या दोन नटांच्या बाजूला ०.२ मिलिमीटरचं पातं सहज आत गेलं.

स्पेसर काढला आणि कारण समोरच होतं. कारखान्यात जोडणी करताना डिस्क पडू नये म्हणून एखाद्या स्टडवर पत्र्याची पातळ क्लिप दाबून बसवतात. बाकीच्या तीन चाकांवरच्या मी काढल्या होत्या. ही एक गंजून डिस्कच्याच रंगाची झालेली, स्टडच्या बुडाशी चिकटून बसलेली, अंधारात दिसलीच नाही. स्पेसर तिच्यावर तिरका टेकला होता, आणि त्याच्या पाठीवर तिचा अर्धचंद्राकृती ठसा उमटला होता, कडा वर आलेल्या.

पक्कडीने क्लिप निघायला दहा सेकंदही लागली नाहीत.

काकांनी ठशावरून अंगठा फिरवला. "कानशीने उंचवटा घासलास तर बसेल सपाट."

"मग घासू?"

"माझी गाडी असती तर नसता लावला."

नवीन येईपर्यंत पुढचे दोन्ही स्पेसर उतरवून ठेवले. आल्यावर बसवले, शंभर किलोमीटरला चाकं काढून पाहिलं, पाचशेला पुन्हा पाहिलं. नट हलले नाहीत, थरथर गेली. आता दर वेळी टायरांच्या जागा आपसात बदलायला चाकं निघतात तेव्हा आतल्या नटांना पाना लागतोच.

रेडियस आर्मचा खर्रर्र बंद झाला. त्याच्या बदल्यात दोन गोष्टी पदरी पडल्या. चाक बाहेर सरकल्यामुळे खड्ड्यात स्टिअरिंगला झटका आधीपेक्षा जोरात बसतो. खडकांत मी आता स्टिअरिंगच्या दांडीच्या आतून अंगठा धरत नाही, झटक्याने तो दुखावेल. आणि बाहेर गेलेलं चाक वळताना मोठा घेर घेतं, त्यामुळे रिव्हर्समध्ये पूर्ण कापलं की टायरची बाहेरची कड मडगार्डच्या आतल्या प्लास्टिकला मागच्या बाजूने टेकते. तिथे खडूने रेघ मारून ठेवली आहे. रविवारी तेवढी पट्टी कापायची, दिवसाउजेडी.