डायल आहे तशीच राहू दे

श्रावण, रविवार संध्याकाळ. नौपाडा, ठाणे.

माझे ओमेगा कॉन्स्टेलेशन हे जुने मनगटी घड्याळ आज सर्व्हिसिंगला दिले. घड्याळजी काकांनी मागचे झाकण उघडून, डोळ्याला भिंग लावून बराच वेळ आत पाहिले आणि म्हणाले, "मशीन उत्तम आहे, तेल मात्र पार सुकलंय. डायल तेवढी नवी करून देऊ का?" मी नको म्हटले. त्यांना ते फारसे पटले नाही, आणि त्यात नवल नाही. दुरुस्तीला आलेले घड्याळ चकचकीत होऊन परत जावे, हीच बहुतेक गिऱ्हाइकांची अपेक्षा असते.

माझे घड्याळ १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतले आहे. आत ५६१ क्रमांकाचे ऑटोमॅटिक मशीन, २४ ज्वेल (घर्षण कमी करणारे बारीक खडे), तासाला १९,८०० ठोके. डायल म्हणजे तबकडी मध्यभागी सपाट आणि कडेला १२ पैलूंनी खाली उतरत जाणारी, जिला संग्राहक 'पाय-पॅन' म्हणतात. मूळची रुपेरी असलेली ही तबकडी आता सायीच्या रंगावर आली आहे आणि चारच्या खुणेपाशी तिच्यावर तीळभर डाग पडला आहे. या घड्याळात ज्याची जागा दुसरे काही घेऊ शकणार नाही अशी वस्तू हीच आहे, असे माझे मत आहे. स्प्रिंग बदलता येते, काच बदलता येते. पण कारखान्यातली छपाई एकदा खरवडली की गेली. भिंगाखाली मूळ अक्षरांच्या कडा धारदार दिसतात आणि शाई पृष्ठभागापासून किंचित उचललेली असते, तर नव्याने रंगवलेल्या तबकडीवर अक्षरे जाडसर होतात, मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत आणि सहाखालचे 'स्विस मेड' कधी सरकलेले तर कधी गायबच असते.

अशा रंगवलेल्या घड्याळांना जगभरचे संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात, हे मुंबईच्या शेजारी राहणाऱ्याला जरा झोंबते. कंपनीने कधी काढलाच नाही असा मोरपिशी किंवा लालभडक रंग, एका घड्याळाचे मशीन आणि दुसऱ्याचे काटे, हा प्रकार फसवणुकीसाठी होतो तेव्हा त्याचे समर्थन करता येत नाहीच. मात्र त्याची सुरुवात सगळीच लबाडीतून झाली असे मला वाटत नाही. आयातीवर कडक निर्बंध असलेल्या त्या काळात मूळ सुटे भाग मिळणे मुश्किलीचे होते, आणि आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत चावीच्या जुन्या वॉशरमधून ओल आत शिरून तबकडीचे लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक लेप, फुगत असे. हातात रोज वापरायचे एकच घड्याळ असलेल्या माणसाने ते रंगवून घेतले, तर त्याला दोष कसा द्यायचा?

बफिंगचे, म्हणजे घासून चकाकी आणण्याचेही तेच. मागच्या झाकणावर वेधशाळेचा घुमट आणि वर आठ तारे असलेले पदक आहे. केस, म्हणजे घड्याळाचे धातूचे कवच, वारंवार घासली की पट्टा अडकवायच्या कानांच्या कडा गोल होतात आणि केसचा मूळ आकारच हरवतो. माझ्या घड्याळाचे तारे नखाला अजून लागतात, म्हणून बफलाही मी नकार दिला.

चावीच्या बाबतीत मात्र मी इतका सोवळा नाही. या मॉडेलला दहा पैलूंची चावी शोभते. माझ्या घड्याळावर कोणीतरी कधीतरी साधी गोल बसवून ठेवली आहे. चावी झिजणारच, ती बदलण्यासाठीच असते, तेव्हा त्याच काळातली अस्सल चावी मिळाली तर मी ती आनंदाने बसवून घेईन. तोवर पावसाळाभर हे घड्याळ मनगटावर कमी आणि सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या डब्यात जास्त राहील.