वाऱ्याशी दिवसभर

महामार्गावर दिवसभर एकट्याने मोटारसायकल चालवताना मला सर्वाधिक थकवतो तो वारा. वेग दुप्पट झाला की हवेचा रोध सुमारे चौपट होतो. म्हणूनच ताशी १०० ऐवजी ८० किलोमीटरने गेल्यास तो एकतृतीयांशाहून अधिक घटतो आणि संध्याकाळी तंबू उभारण्याइतके बळ खांद्यांत उरते. मोठ्या ट्रकला ओलांडताना मात्र हा हिशेब बाजूला राहतो. त्याच्या आडोशाला बाजूचा वारा अचानक थांबतो आणि पुढे निघताच पुन्हा जोराने आदळतो, तेव्हा हँडल आवळून धरण्याऐवजी कोपरे सैल ठेवून गुडघ्यांनी टाकी धरणे उत्तम. सामान मागे उंच रचलेले असेल तर हा धक्का अधिकच जाणवतो, त्यामुळे जड वस्तू मी खाली आणि शक्य तितक्या पुढे बांधतो. कानांत इयरप्लगही घालतो, कारण या वेगाला हेल्मेटभोवतीच्या वाऱ्याचा आवाज इंजिनापेक्षा मोठा असतो (हे अनेकांना पटत नाही). मुक्कामी पोहोचताच, तंबूच्याही आधी, साखळीला वंगण देतो. ती कोमट असताना ते कड्यांत नीट मुरते.