आता टोचेल हं

दार उघडलं की विमानात एकदम थंडी शिरते. १३,००० फुटांवर हवा जमिनीपेक्षा वीस-पंचवीस अंशांनी तरी गार असते, आणि इंजिन-वाऱ्याच्या आवाजात कानाशी ओरडल्याशिवाय काही पोचत नाही. माझ्या पुढे बांधलेल्या काकूंचे पाय दाराबाहेर लोंबत होते. हात छातीशी, डोकं मागे माझ्या खांद्यावर, कंबर पुढे काढलेली, हे सगळं त्यांना पाठ होतं. पण ऐन वेळी त्यांनी उजव्या हाताने दाराची कड पकडली. बोटांची टोकं पांढरी पडली होती.

"जायचं?"

त्यांनी जोरात मान हलवली. नाही.

मी मागे सरकलो. टँडेम उडीत, म्हणजे पॅसेंजरला इन्स्ट्रक्टरच्या पुढ्यात बांधून एकाच पॅराशूटने मारायच्या उडीत, शेवटचा शब्द पॅसेंजरचा असतो आणि तो दारातच विचारायचा असतो. पाय बाहेर असले तरी 'नाही' म्हणजे नाही. बोटं सोडवून उडी मारणारा इन्स्ट्रक्टर माझ्या लेखी या कामाच्या लायकीचा नाही.

मग दार बंद केलं, पट्टे लावले, पायलटला सांगितलं. विमानातून परत उतरणंही तसं साधं नसतं. रिझर्व्ह, म्हणजे राखीव पॅराशूटला एक छोटं यंत्र जोडलेलं असतं. हवेच्या दाबावरून ते उंची आणि खाली येण्याचा वेग मोजत राहतं. सुमारे २,००० फुटांवरही माणूस सुसाट पडतच असेल, तर रिझर्व्ह आपोआप उघडतं. आपण विमानात बसलोय हे त्या यंत्राला कळत नाही. त्यामुळे पायलट सावकाश उतरतो. तेवढा वेळ काकू एक शब्द बोलल्या नाहीत.

खाली लेक आणि जावई वाट बघत होते. ही उडी त्यांनीच भेट दिलेली. "आई, एवढं काय घाबरायचं!" लेक म्हणाली. काकूंनी शांतपणे पाणी प्यायलं आणि मला बाजूला घेतलं.

"उंचीची भीती नाही वाटली मला. तुम्ही मागे काय करताय ते दिसत नव्हतं. वर गेल्यावर मागून एकदम दोन-तीन हिसके बसले. वाटलं, काहीतरी सुटलं."

ते हिसके माझेच होते. उडीच्या थोडं आधी पॅसेंजरचं हार्नेस, म्हणजे अंगावर घातलेली पट्ट्यांची जोडणी, माझ्या हार्नेसला चार ठिकाणी जोडायचं असतं, दोन हुक खांद्याशी, दोन कंबरेशी. मग पट्टे करकचून आवळायचे. माझे हात हे इतक्या वेळा करून बसलेत की त्यात सांगण्यासारखं काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

काकूंनी तीस वर्षं ऑपरेशन थिएटरमध्ये नर्स म्हणून काढली होती. "आम्ही सुई टोचायच्या आधी सांगतो, 'आता टोचेल हं.' दुखायचं तेवढं दुखतंच. पण माणूस तयार असतो."

हे मला लागलं. जमिनीवरची माझी सगळी शिकवणी पॅसेंजरने काय करायचं याची होती. त्याच्या पाठीमागे मी काय करणार, याबद्दल एक वाक्य नव्हतं. ज्याच्या भरवशावर उडी मारायची तो माणूसच त्याला दिसत नाही, हे माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं.

दुपारी ढग आले. ढगातून उडी मारत नाहीत, म्हणून सगळेच थांबले. काकू म्हणाल्या, "तोवर मला दाखवा." पॅराशूटची घडी घालतात तिथे त्यांना नेलं. मी ड्रोग हातात दिलं. दोघांचं वजन एकत्र पडायला लागलं की वेग ताशी ३०० किलोमीटरच्या आसपास जाऊ शकतो. ही मागे सोडलेली लहानशी छत्री तो २०० च्या आत-बाहेर, म्हणजे एकट्या माणसाच्या वेगावर आणून ठेवते.

"म्हणजे तेव्हाही मागून ओढल्यासारखं होणार?"

"हो."

"मग सांगा ना तेव्हा."

"वाऱ्यात ऐकू येणार नाही. दारातून निघालो की मनात आकडे मोजा. पाचच्या आसपास हिसका येईल. नंतर खांद्यावर दोन थापा मारीन, म्हणजे सगळं ठीक, हात सोडा."

संध्याकाळी आभाळ मोकळं झालं आणि त्या स्वतःहून विमानाकडे चालायला लागल्या. या वेळी मी कानाशी एकेक हुक बोललो. "डावा खांदा. कट्ट आवाज येईल. उजवा खांदा. डावी कंबर. उजवी कंबर. आता आवळतोय, मागे ओढल्या जाल." काकू बोटांवर मोजत होत्या. चौथं बोट मिटल्यावर म्हणाल्या, "परत एकदा." मी पुन्हा चारही हुक नावं घेत तपासले.

दारात विचारलं. त्यांनी मान खाली-वर केली, आणि आम्ही गेलो.

पोटात गोळा येईल असं लोकांना वाटतं, तो बहुतेकदा येत नाही. विमानाचा पुढचा वेग अंगात असतोच, त्यामुळे वारा समोरून धरल्यासारखा वाटतो. ड्रोग उघडलं, मी थापा मारल्या आणि काकूंनी हात पसरले. पाऊण मिनिटभर तसेच. ५,५०० फुटांवर मुख्य पॅराशूट उघडलं आणि आवाज एकदम थांबला.

त्यानंतर कंबरेचे पट्टे थोडे सैल करतात, नाहीतर पॅसेंजरला काचतं. तेव्हा माणूस दोन-तीन इंच खाली सरकतो. किती पॅसेंजर त्या क्षणी माझ्यापुढे किंचाळले असतील! आणि मी ते उंचीच्या भीतीवर ढकलून मोकळा होत आलो होतो.

"आता कंबरेचे पट्टे सैल करतोय. जरा खाली सरकाल. खांद्याचे दोन्ही हुक आहेत तसेच आहेत."

"करा," काकू म्हणाल्या. सरकल्या, आणि खालची शेतं बघत राहिल्या.

जमिनीजवळ आल्यावर त्यांनी पाय वर उचलले, आम्ही गवतावर बसूनच घसरत थांबलो. लेक धावत येत होती. मी सवयीने हुक काढायला हात घातला.

"थांबा. कोणता काढताय?"

"उजवा खांदा."

"हं. काढा."