खाली उभी राहणारी

ॲक्रोबॅटिक जिम्नॅस्टिक्समध्ये मी बेस होते. म्हणजे खाली उभी राहणारी. हातांवर चढते ती टॉप, आणि टाळ्या वाजवणाऱ्यांची नजर तिच्यावरच असते. पण तोल सांभाळते ती बेस! हातावर हात टेकून वरची उलटी उभी राहिली की तिनं फक्त अंग घट्ट ठेवायचं. ती जराशी कलली तर मनगटांनी आणि बोटांनी तिला जागेवर आणायचं काम माझं. ती स्थिती निदान तीन सेकंद टिकवायची. तेवढ्यात खांदे पेटतात.

सराव आमचा जळगावात, पत्र्याच्या हॉलमध्ये. मे महिन्यात दुपारी तळहातांची पकडच राहायची नाही, चॉक लावला तरी घामानं लगेच चिखल. मग पहाटे जायचो. माय डब्यात कळण्याची भाकरी आणि ठेचा द्यायची.

या खेळाची पहिली जागतिक स्पर्धा १९७४ मध्ये मॉस्कोत झाली, तरी ऑलिंपिकमध्ये तो अजून नाही. मला याचं फार वाईट वाटतं.

आमची जोडी तुटली ती टॉप उंच झाली म्हणून. भांडण नाही, दुखापत नाही. ‘ताई, आता मी जड होते ना गं?’ असं तिनंच विचारलं. आता ती स्वतः बेस आहे, आणि तिला मनगटं कशी वापरायची ते मीच शिकवते.